झेंडे पडेपर्यंत

८ जानेवारी

पुष्पाच्या ऑफिसातून दर वर्षी अशी एक जाडजूड डायरी घरी येते आणि वर्षभर फ्रिजवर धूळ खात पडते. यंदा मी ती उचलली. क्लबच्या रजिस्टरमध्ये काय भरलं आणि कुठल्या रायफलसाठी भरलं एवढंच लिहायचं असतं. मनात काय आलं याचा रकाना तिथे नाही.

आजची बातमी अशी की आमच्या मुलीची, श्रावस्तीची काडतुसं मी स्वतः भरणार, याला अकीलाने शेवटी होकार दिला. कधीपासून तिच्या मागे लागलो होतो. अकीला आमच्या नेमबाजी क्लबच्या रेंजची मुख्य. सखीरच्या पलीकडच्या त्या वाळूत तिच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, म्हणजे तिथे पान असतं तर हललं नसतं. मेच्या अखेरीस निवडीचा सामना आहे. त्यात पहिली येईल तिला क्लब उन्हाळ्यात जर्मनीतल्या खुल्या स्पर्धेला पाठवणार.

आमची पोरगी पहिली येऊ शकते. बाप म्हणून नाही, आर्मरर म्हणून सांगतो. फौजेत उमेदीची वर्षं मी हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली, इथे आखातात क्लबच्या वर्कशॉपमध्येही तेच करतो; कोणाच्या खांद्याला रायफल शोभते आणि कोणाच्या नाही, हे मला लांबूनही कळतं. माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं बनवायचे. आजोबांचा धंदा नातीच्या कामी येणार, हे मी पुष्पाला जरा भारावूनच सांगितलं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "आधी तिले इंजिनिअर होऊ द्या."

२१ जानेवारी

सापडलं!

गेले काही दिवस मी वर्कशॉपमध्येच मुक्काम ठोकल्यासारखा होतो. काम बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. काडतुसाची एकदा उडवलेली रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारा नवीन प्राइमर बसवायचा, काट्यावर तोलून बारूद ओतायची, वर गोळी दाबायची. पण बारुदीचे चार दाणे जास्त किंवा कमी झाले की तीच रायफल वेगळी वागते. म्हणून थोडी भरायची, रेंजवर जाऊन मारून बघायची, परत यायचं, जराशी वाढवायची. टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा, फोन बाहेर, दार बंद. पुष्पा म्हणते, लग्नात सुद्धा मी एवढं लक्ष दिलं नव्हतं.

आज तीनशे मीटरवर श्रावस्तीच्या पाचही गोळ्या जवळजवळ एकाच भोकात गेल्या. दुर्बिणीतून बघितलं तर पहिल्यांदा वाटलं, बाकीच्या चार टार्गेट सोडून गेल्या. मग जाऊन बघितलं. बोराएवढं एक भोक. पोरगी तिथेच वाळूत उड्या मारायला लागली आणि मला मिठी मारून म्हणाली, "बाबा, यू आर अ जीनियस." आमची पोरगी मराठी समजते सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. असू दे. जीनियस हा शब्द मला कळतो.

बारुदीचं हे माप भरणीच्या पुस्तकात दिलेल्या कमाल मापाच्या किंचित वर आहे. पुस्तकवाले कोर्टकचेरीला घाबरून लिहितात. प्रत्येक रायफलचा स्वभाव वेगळा असतो आणि ही रायफल मी आतून-बाहेरून ओळखतो. नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या अगदी मागे माझ्या मुलीचा डोळा असतो, हे मी विसरत नाही. प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बघितली आहे.

५ फेब्रुवारी

हवा काय सुरेख आहे. सकाळी रेंजवर स्वेटर लागतो.

आज अकीलाशी वाजलं. कारण, श्रावस्ती वारा पडायची वाट बघते ती पद्धत. ती मीच शिकवलेली. रेंजच्या कडेने वाऱ्याचे छोटे झेंडे लावलेले असतात. वारा असला की ते फडफडतात, आणि वारा मधेच दम घेतो तेव्हा सगळे एकदम खाली पडतात. तो क्षण पकडायचा. त्यासाठी गोळी आत घालून, बोल्ट बंद करून, गाल टेकवून तयार पडून राहायचं. कितीही वेळ लागो. बोट ट्रिगरच्या बाहेर, श्वास शांत, डोळा झेंड्यांवर. इतर पोरी अधीर होऊन मारतात आणि गोळी वारा घेऊन जातो. श्रावस्ती पडून राहते. ही सबुरी विकत मिळत नाही.

अकीलाचं म्हणणं, वाट बघायची तर बोल्ट उघडा ठेवून बघ, वारा पडला की मग बंद कर. मी म्हटलं, बोल्ट बंद करताना शरीर हलतं, जमवलेली बैठक मोडते, आणि तोवर वारा परत येतो. तिने खांदे उडवले आणि निकाल बघून गप्प बसली. निकाल आमच्या बाजूने बोलत होता.

१९ मार्च

रोजे चालू आहेत, त्यामुळे रेंज सकाळी थोडा वेळ उघडते. दुपारी ऊन आता चावायला लागलं आहे.

अकीलाने आज वर्कशॉपमध्ये येऊन सांगितलं, "सुजीत, गर्मी आ रही है. बारूद कम करो." हवेत तापमान चढलं की बारूद जास्त जोर करते, दाब वाढतो, हे तिने मला समजावून सांगितलं. मला! वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं तापवून मारून बघतात, हे मी चड्डीत असल्यापासून ऐकतोय. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण रोजा धरलेल्या माणसाशी वाद नको म्हणून हसून मान हलवली.

घरी येऊन डोकं लढवलं. बारूद एसीत आहे, काडतुसंही एसीत आहेत. ऊन लागणार ते वर्कशॉपपासून फायरिंग लाइनपर्यंत आणि तिथे टेबलावर. मग पुष्पाचा पिकनिकचा निळा आइसबॉक्स उचलला. ती शोधत होती. म्हणाली, "त्यात आपण मासे आणतो, तुम्ही त्यात गोळ्या ठेवून राह्यले?" आता श्रावस्तीची काडतुसं बर्फाच्या पिशव्यांवर टॉवेल टाकून ठेवलेली असतात. एकेक काढायची, घालायची. गारेगार. संतोषने तर विचारलं, "साहेब, आइस्क्रीम हाय काय?" हा आमच्या क्लबच्या व्हॅनचा ड्रायव्हर, गुहागरकडचा, चेष्टेखोर. मी म्हटलं, हो, खाऊन बघ.

माप बदलायची काही गरज नाही. एवढं सुंदर जमलेलं माप हवामानाच्या भीतीने मोडायचं म्हणजे वेडेपणा.

१८ एप्रिल

जयंतीचा कार्यक्रम आज सुट्टी बघून गुदैबियातल्या हॉलमध्ये झाला. वंदना, भाषणं, मुलांची नाटिका, मग जेवण. सूत्रसंचालन संघप्रियाकडे होतं. तिने मधेच माइकवर जाहीर केलं की आपल्या श्रावस्ती वानखडे यांची जर्मनीतल्या स्पर्धेसाठी निवड झाली आहे. टाळ्यांनी हॉल दणाणला. निवड अजून व्हायची आहे, हे मला उठून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. संघप्रियाच्या कानावर मीच घातलं होतं, जवळजवळ नक्की आहे म्हणून. तिने "जवळजवळ" गाळलं, बाकी काही नाही.

म्हाताऱ्या शामरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. आपल्या पोरी रायफल धरतात, एवढंच बोलले. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू.

श्रावस्ती ताट अर्धं टाकून जिन्यात जाऊन बसली होती. घरी चालत येताना मी विचारलं, आवडलं नाही का. ती म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू टेल देम?" मी म्हटलं, मी नाही, संघप्रियाने सांगितलं. त्यावर ती झपझप पुढे निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता पहिलं येण्यावाचून गत्यंतर नाही. शामरावांना तोंड कसं दाखवणार?

२९ एप्रिल

शमाल, म्हणजे इकडचा वाळूचा वारा, सुटला आहे. वाळू दातांत, वाळू चहात, वाळू बोल्टमध्ये. आज गोळी मारल्यावर श्रावस्तीला बोल्ट उघडेना. हँडलला तळहाताने मारावं लागलं. मी रायफल घेतली, सगळी खोलून पुसली, तेल दिलं. वाळूच असणार.

प्राइमर जरा चपटे दिसतात, बुडाला लाटणं फिरवल्यासारखे. जानेवारीत असे दिसत नव्हते. फायरिंग पिनची स्प्रिंग बदलून बघतो.

खरी काळजी वेगळीच आहे. पोरीचं लक्ष उडालंय. गोळ्या पसरायला लागल्या आहेत. मी दुर्बिणीला डोळा लावून टार्गेट बघत असतो आणि झेंडे फडफडत असताना मागून धाड आवाज येतो. वाट बघतच नाही. ज्या सबुरीचं मी कौतुक करत होतो ती कुठे गेली? विचारलं तर म्हणते, "इट किक्स डिफरंट, बाबा. समथिंग चेंज्ड." मी म्हटलं, रायफल तीच, माप तेच, बारूद त्याच डब्यातली, बर्फ रोज ताजा. बदलली असशील तर तू. जरा आवाज चढला माझा. व्हॅनमध्ये संतोषने रेडिओ लावला.

७ मे

दार लावून लिहितोय.

श्रावस्तीच्या बॅगेत चार्जर शोधत होतो. खालच्या कप्प्यात रिकामी पुंगळी सापडली. माझी नाही. माझ्या पुंगळ्या मी गर्दीत ओळखतो. ही कंपनीची, बाजारातली, बुडावर छाप असलेली. म्हणजे माझ्यामागे पोरगी दुसऱ्याची काडतुसं मारते. कॉलेज सुटल्यावर लायब्ररीत थांबते म्हणून सांगायची, ती मी घरी परतल्यावर रेंजवर अकीलाकडे जात होती. बापाच्या हातची भाकरी नको म्हणून शेजारी जेवायला बसावं तसं झालं हे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुष्पाला माहीत होतं. मी तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे भांडी लावत राहिली आणि मग हात पुसून समोर येऊन बसली.

"पोरगी बंदुकीले नाई भेत," ती म्हणाली. "तुम्हाले नाई म्हणायले भेते. लहानपणापासून भेते. तुम्हाले दिसत नाई, कारण तुम्ही सदा दुर्बिणीतून पाहून राह्यले."

मी उठून गच्चीवर गेलो. मी कधी पोरीवर हात उगारलेला नाही. एकदाही नाही. भीती कसली?

१२ मे

अकीलाने काल श्रावस्तीच्या उडवलेल्या पुंगळ्या उचलून उन्हात धरल्या आणि माझ्याकडे वळली. प्राइमर चपटे झालेत म्हणजे दाब जास्त आहे, माप कमी केल्याशिवाय ही काडतुसं सामन्यात चालणार नाहीत, असं स्पष्ट म्हणाली. आज तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, केलं कमी.

खोटं बोललो. काल संध्याकाळी खरंच कमी करून बघायला बसलो होतो. काट्यावर तोललं, थोडी भरलीसुद्धा. आज सकाळी मी स्वतः मारून बघितली तर गोळ्यांचा ग्रुप उघडला, आंब्याएवढा झाला. ते जानेवारीचं बोराएवढं भोक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सगळी परत मोकळी केली आणि जुन्याच मापाने भरली.

अकीलाला निकाल हवा की माप? निकाल मी देतो.

१६ मे

एका पुंगळीच्या बुडाजवळ चकाकणारं कडं दिसलं. पितळ तिथे ताणलं गेलं की असं कडं उमटतं आणि पुढच्या वेळी पुंगळी तिथून फुटू शकते. ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकून दिली. बाकीच्या आतून तार घालून चाचपल्या; पितळ ताणून खाच पडली असली की तार तिथे अडकते. एकदोन ठिकाणी तार किंचित अडकल्यासारखी वाटली, पण वाटली, नक्की सांगता येत नाही. या पुंगळ्या या रायफलच्या चेंबरला, नळीत काडतूस बसतं त्या जागेला, रुळलेल्या आहेत, पायातल्या जुन्या चपलेसारख्या. नव्या घेतल्या तर सगळं पहिल्यापासून जमवायला लागेल आणि आता तेवढा अवधी नाही. एका सामन्यापुरत्या निघतील.

घरात श्रावस्ती माझ्याशी नीट बोलते, वेळेवर जेवते, रेंजवर येते, मी देईन ती काडतुसं मारते. कंपनीच्या काडतुसांचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. पुष्पा दोघांकडे आळीपाळीने बघते. 

२२ मे

उद्या सामना. मन कसं हलकं झालंय!

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये शेवटची काडतुसं डब्यात लावत होतो, तेवढ्यात श्रावस्ती आली. दारातच उभी राहिली. नियमाप्रमाणे फोन बाहेर ठेवून आली होती, हे मला आवडलं. बराच वेळ टेबलाकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, विल यू शूट द फर्स्ट वन्स टुमॉरो? बिफोर मी?"

 सामन्याआधी नळी गरम करायला काही गोळ्या माराव्या लागतात, त्या मी माराव्यात असं तिला वाटतं. बापाच्या हातून सुरुवात व्हावी. पुष्पा म्हणते पोरगी भिते. भिणारी पोरगी असं मागणं मागते का? मी म्हटलं, का नाही मारणार? ती म्हणाली, "सगळ्या माझ्यासारख्याच मारा. झेंडे बघून." मराठीत म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही आलं.

एवढ्या दिवसांचा सगळा राग विरघळून गेला. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमध्ये टाकल्या आहेत. तिचा सेफ्टी चष्मा मी स्वतः पुसून ठेवला. माझा कुठे तरी पडलाय. तसाही तो घातला की वाचायचा चष्मा बसत नाही आणि मला फक्त नळी गरम करायची आहे.

संतोष सकाळी न्यायला येणार. पुष्पाही येते म्हणाली, पहिल्यांदाच.

११ जून

हे अक्षर माझं नाही. मी सांगतोय आणि श्रावस्ती लिहितेय. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. डावा वाचलाय, तो काही दिवसांनी उघडतील. उजवा गेला. गालात पितळेचे तुकडे होते, ते काढले. पुष्पा म्हणते, आत्ता कशाला डायरी. पण तिथेच तोडून ठेवली तर मला चैन पडायची नाही. मागची पानं वाचायची नाहीत, असं पोरीला बजावलंय.

त्या दिवशी सकाळपासून शमाल होता. समोरचं टार्गेट दिसेना, म्हणून सामना पुढे ढकलला. वारा कमी झाला तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. रायफल टेबलावर उन्हात पडून होती, नळीला हात लावला तर चटका बसला. चटईवर पालथा झालो. लोक मागे उभे होते, शामरावसुद्धा आले होते. पहिल्या गोळ्या उत्तम गेल्या. बोल्ट घट्ट येत होता, तळहाताने मारून उघडला. श्रावस्ती माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून एकेक काडतूस बर्फातून काढून देत होती. माझ्या हाताला त्याचा गारवा लागायचा, ते मला आठवतंय.

मग परत वारा सुटला. झेंडे पडेनात. मी गोळी आत घातली होती, बोल्ट बंद होता. म्हटलं, आता हिला दाखवतो वाट कशी बघतात. सगळ्यांना दाखवतो. घाम डोळ्यात जात होता, तरी हललो नाही.  खूप वेळ गेला असेल. मग झेंडे पडले. एकदम सगळे पडले.

पुढचं मला आठवत नाही. अकीला म्हणाली की पुंगळी बुडातून फुटली आणि सगळा जाळ मागे आला. वर्कशॉपला कुलूप लागलंय, चौकशी चालू आहे. अकीला दोनदा येऊन गेली. उशाशी बसून राहिली.

पण काडतूस गार होतं. लिही, काडतूस गार होतं. मी स्वतः हातात घेतलं होतं. बर्फातून निघालेलं काडतूस एवढा दाब करेलच कसा? आइसबॉक्समधून माझ्या हातात, हातातून चेंबरमध्ये, आणि

चेंबरमध्ये.

नळीला चटका बसत होता. आत गेल्यावर कुठला बर्फ.

श्रावस्ती, तू रोज अशीच पडून राहायचीस. मी शिकवलं म्हणून. तुझा डोळा तिथेच असायचा.

बाबा आता काही सांगत नाहीत. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आहे. पुढचं मी माझं लिहिते. मराठी लिहायची सवय नाही, शाळेत हिंदी होती.

मागची पानं मी वाचली. हॉस्पिटलमध्ये, पहिल्याच आठवड्यात. आईने वाचली नाहीत, मी दिली नाहीत तिला. माप कमी केलंच नव्हतं, हे पानातून पक्कं झालं, पण मला बोल्टवरून आधीच कळलं होतं. गरम नळीत गोळी फार वेळ ठेवायची नाही, हे अकीला मॅडमनी मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. म्हणून मी वाट बघणं सोडलं. बाबांचा डोळा दुर्बिणीला लागला की मी लगेच मारायचे. ग्रुप पसरायचा तो त्यामुळे. बाबांना वाटायचं माझं लक्ष नाही.

मी मॅडमना सांगू शकले असते की माप तेच आहे. मग बाबांची नोकरी गेली असती, सगळ्यांसमोर. बाबांना सांगू शकले असते. रोज व्हॅनमध्ये बसताना ठरवायचे की आज सांगते. त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये पण तेच सांगायला गेले होते. ते इतके खूश होते. तोंडातून दुसरंच निघालं. म्हटलं, तुम्ही आधी मारा. माझ्यासारख्या मारा, झेंडे बघून.

मला वाटलं होतं, बोल्ट घट्ट आला की त्यांना कळेल. हातात आलं की कळेल. फक्त तेवढंच हवं होतं.

पण त्यांनी चष्मा घातला नव्हता हे मी बघितलं होतं. मी शेजारीच बसले होते. ते वाट बघत होते आणि मी झेंड्यांकडे न बघता त्यांच्या डोळ्याकडे बघत होते. बाबा, बोल्ट उघडा, असं म्हणायला किती वेळ लागतो? मागे सगळे उभे होते. मी आइसबॉक्स धरून गप्प बसले.

आता ते विचारतात, एवढा वेळ काय लिहितेस. मी सांगितलं, तुम्ही म्हणालात तेच लिहिलं, बाबा.